बारावं बंदर

टाइपरायटर मध्येच थांबला.

"हुकमात असंच आहे?" प्रमिलानं विचारलं.

मी तिच्याकडे पाठ करून पाकिटांवर तिकिटं चिकटवत होतो. "कसं?"

"बाराव्या बंदराची दहाही जहाजं बाहेर समुद्रात होती, असं."

"हो."

"एकदा कागद बघून घ्या ना. स्टेन्सिलवर उमटलं की दुरुस्त करायला त्रास होतो."

"बघितलाय मी."

मग टाइपरायटर सुरू झाला, पण नेहमीसारखा नाही. राजारामपुरीतल्या टायपिंगच्या क्लासात ती दिवसभर मुलींना शिकवायची. तिचे हात चालायला लागले की वेगवेगळी अक्षरं ऐकूच यायची नाहीत. ती एक ओळ मात्र तिनं पहिल्या महिन्यातल्या मुलीसारखी, एकेक अक्षर करून टाइप केली. बाराव्या बंदराची दहापैकी नऊ जहाजं वादळात बुडाली, अशी ती ओळ होती. ती खोटी होती, आणि ती मी लिहिली होती.

ही सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरीत दोन खोल्यांत राहत होतो. मी एका छापखान्यात हिशेबनीस होतो, आणि घरी टपालानं खेळायचा एक खेळ चालवत होतो. आज हे कुणाला सांगितलं तर समजावून द्यावं लागतं. खेळाचं नाव 'बारा बंदरं'. एक काल्पनिक किनारा, त्यावर बारा बंदरं, प्रत्येक बंदराचा मालक एक खेळाडू. खेळाडू आपापल्या गावी बसून दर पंधरवड्याला मला पत्रानं हुकूम पाठवायचे: इतकी जहाजं बांधा, इतका माल अमक्या बंदराला न्या, तमक्यावर हल्ला करा. सगळ्यांचे हुकूम आले की मी नकाशा पसरून, फासे टाकून, नियमांप्रमाणे निकाल लावायचो. प्रमिला तो स्टेन्सिलवर टाइप करायची, मी एका बंद पडलेल्या कचेरीतून आणलेल्या सायक्लोस्टाइलवर प्रती काढायचो आणि बारा गावांना बारा पाकिटं जायची. नियम सगळे माझे. तीन वर्षं खपून मी ते बनवले होते. दुसरं काही मला कधी बनवता आलं नाही.

या धंद्याचं गणित विचित्र होतं. आठ जण खेळले काय आणि बारा जण खेळले काय, मला श्रम तेवढेच. आठ जणांच्या फीमध्ये टपाल आणि कागद निघायचा. नवव्या-दहाव्याच्या फीमध्ये स्टेन्सिल आणि शाई. अकरावा गेला कोड्यांच्या मासिकातल्या जाहिरातीला. म्हणजे कमाई म्हणायची ती फक्त बाराव्याची. शिवाय बारा बंदरं भरल्याशिवाय डाव सुरूच करता येत नव्हता, कारण रिकामं बंदर शेजारी असलं की त्या शेजाऱ्याला फुकटचा फायदा होई.

जाहिरातीनंतर चार महिन्यांत अकरा जण जमले. नागपूरचा बँकेतला माणूस, जालन्याचे एक डॉक्टर, धुळ्याचे कॉलेजातले दोघे मित्र, अकोल्याचे देवधरे नावाचे वकील, असे. बारावा मिळेना. शेवटी मी टपाल कचेरीतून मनीऑर्डरचे अकरा फॉर्म आणले, पैसे परत करायला. ते फॉर्म दोन दिवस टेबलावर पडून होते. मी भरत नव्हतो आणि प्रमिला काही बोलत नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यात वेंगुर्ल्याहून एक मनीऑर्डर आली. पाच फेऱ्यांची फी आगाऊ, तीस रुपये. पाठवणार, ग. वि. नार्वेकर.

मी त्या दिवशी बासुंदी आणली होती, हे मला आठवतं.

"तुझ्या गावचा आहे," मी प्रमिलाला म्हणालो. "ओळखतेस?"

"वेंगुर्ल्यात नार्वेकर थोडे आहेत का," ती म्हणाली.

खेळात तिला रस नाही असं मी तोवर धरून चाललो होतो. सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं होतं की ती पत्ते लिहील, टाइप करेल, पण आलेलं एकही पाकीट फोडणार नाही. कधी एखादा हुकूम वाचून मी उत्साहानं तिला सांगायला गेलो तर ती हात वर करायची. "मला सांगू नका. टाइप करताना कळेलच." मला ते लागायचं. बाराव्याची म्हणून जी कमाई व्हायची तेवढी मात्र मी दर महिन्याला तिच्या हातात ठेवायचो. "हे खेळाचे," असं म्हणायचो. ती घ्यायची.

नार्वेकरांना बारावं बंदर मिळालं, कारण तेवढंच उरलं होतं. ते सगळ्यांत भिकार होतं. खाडी उथळ, लाकूड नाही, मसाले नाहीत, नुसतं मीठ. मीठ मी नकाशात जागा भरायला घातलं होतं. बाकीचे अकरा जण पहिल्या फेरीपासून लढाऊ जहाजांच्या मागे लागले. नार्वेकरांनी एकही लढाऊ जहाज बांधलं नाही. त्यांनी मीठ भरायला सुरुवात केली. माझ्या नियमांत कुठेतरी एक ओळ होती, की मीठ असलेल्या जहाजावर मासळी टिकते आणि ते दोन घरं जास्त लांब जाऊ शकतं. ती ओळ मीच विसरलो होतो. चौथ्या फेरीपर्यंत ज्याला ज्याला लांब जाऊन हल्ला करायचा होता त्याला नार्वेकरांकडे यावं लागत होतं. सहाव्या फेरीत त्यांनी खाडीत डॉक बांधला आणि दोन्ही बाजूंची मोडकी जहाजं दुरुस्त करून द्यायला लागले. त्यामुळे त्यांच्यावर हल्ला करायला कोणीच तयार नव्हतं.

पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. मग पत्रं यायला लागली. खेळाडू हुकमाच्या खाली दोन ओळी लिहायचे, पूर्वी त्या माझ्यासाठी असायच्या. आता जालन्याचे डॉक्टर लिहायचे, नार्वेकर काय करतात, वय काय, जरा कळवा. धुळ्याच्या मुलांनी त्यांचा फोटो मागितला. आठव्या फेरीला देवधरे वकिलांनी लिहिलं, "खेळ तुम्ही बनवलात, पण तो असतो कसा हे आम्हाला नार्वेकरांनी दाखवलं."

ते पत्र मी छापखान्यात खिशात घेऊन फिरलो. दुपारी जेवताना काढून पुन्हा वाचलं. तीन वर्षं माझी होती आणि कुणी एक माणूस वेंगुर्ल्यात झोपाळ्यावर बसून ती घेऊन गेला होता.

तरी तेवढं मी सोसलं असतं. पण मग मला प्रमिला दिसायला लागली. निकाल टाइप करताना अकरा बंदरं होईपर्यंत तिचा चेहरा कोरा असायचा. बाराव्या बंदराला आली की ओठांच्या कडेला काहीतरी हलायचं. नार्वेकरांचा एखादा बेत साधला असेल तर ती चक्क हसायची आणि मग मान खाली घालायची. माझ्या एखाद्या नियमाला ती कधी हसली नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्या घरात तिला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. नार्वेकरांचं पाकीट सगळ्यांच्या आधी यायचं. निकाल पोचतो न पोचतो तोच त्यांचं उत्तर टपालात. अक्षर असं की छापावं. मी ते पाकीट फोडताना प्रमिला स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि काही न विचारता परत जायची.

मी विचारलं, हा माणूस तुला आवडतो का, कसा खेळतो? ती म्हणाली, बरा खेळतो. एवढंच.

दहाव्या फेरीनंतर एके सकाळी मला तिकिटांना सुटे पैसे हवे होते. ती आंघोळीला गेली होती. मी तिची पर्स उघडली. आत एक बंद पाकीट होतं. आमचं निकालाचं नव्हतं, त्यावर आमचा रबरी शिक्का असायचा. हे साधं, जाड, आणि वर तिच्या हातचा पत्ता. श्री. ग. वि. नार्वेकर, वेंगुर्ला.

मी ते फोडलं नाही. फोडण्याची हिंमत नव्हती. होतं तसं परत ठेवलं आणि सुटे पैसे न घेताच कामावर गेलो. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकांचं बिल दोनदा केलं. मालकांनी बरं नाही का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. डोक्यात तिचं माहेर, तिथली शाळा, तिथला एखादा वर्गमित्र, सगळं फिरत होतं. सहा वर्षांपूर्वी तिला नकार देऊन मुंबईला गेलेला आणि परत आलेला कुणी. त्याला मी चेहराही दिला. सरळ नाक, मागे वळवलेले केस.

चार दिवसांनी अकराव्या फेरीचे हुकूम आले. नार्वेकरांचा हुकूम दोन ओळींचा होता. "हा वादळांचा काळ आहे. दहाही जहाजं खाडीतच ठेवावीत. डॉकचं काम चालू राहील." नियमाप्रमाणे खाडीतल्या जहाजाला वादळ लागत नाही. मी फासे टाकले आणि खरोखर दक्षिणेच्या समुद्रात वादळ आलं. सहा जणांची जहाजं फुटली. नार्वेकरांचं दोरखंडसुद्धा ओलं झालं नाही. आता ते सहाही जण दुरुस्तीला त्यांच्याकडेच जाणार होते. डाव संपल्यात जमा होता.

मी बराच वेळ तो कागद समोर ठेवून बसलो. मग निकालाच्या वहीत लिहिलं, की बाराव्या बंदराची दहाही जहाजं मीठ घेऊन बाहेर पडली होती, त्यांतली नऊ गेली. हुकमाचा कागद कपाटात सगळ्यांत खाली सरकवला. त्यांची तक्रार आली तर वाचायला चूक झाली म्हणता येईल, असं ठरवलं. खरं तर तक्रार यावी असंच मला वाटत होतं. एकदा तरी त्या माणसानं माझ्याकडे काहीतरी मागावं.

पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. प्रमिलानं दोनदा विचारलं आणि मी दोनदा हो म्हणालो.

तक्रार आली नाही. बाराव्या फेरीचा हुकूम वेळेवर आला, त्याच अक्षरात, थोडा थरथरलेला. "एक जहाज शिल्लक. मीठ भरून तिसऱ्या बंदराला न्यावं." खाली एक शब्द नाही. प्रमिला मात्र त्या पंधरवड्यात गप्प गप्प होती, आणि तिचं गप्प राहणं मी त्याच्या दुःखाशी जोडलं. मला ते सहन झालं नाही. शनिवारी सावंतवाडीला कागदाच्या व्यापाऱ्याकडे काम आहे असं घरी सांगून मी पहाटेची आंबोलीवरून जाणारी एसटी पकडली आणि दुपारी वेंगुर्ल्यात उतरलो.

घर बाजारापासून वर, काजूच्या झाडांमागे होतं. अंगणात एक बाई मिरच्या वाळत घालत होती. "कोण व्हया तुमका?" तिनं विचारलं. मी नाव सांगितलं. तिनं आत बघून हाक मारली आणि पडवीत एक म्हातारा आला. पंच्याहत्तरीचा असेल. एका डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

मी म्हणालो, मी शिरधनकर. कोल्हापूरहून. बंदरांचा खेळ.

"म्हणजे प्रमिलाचे यजमान," तो म्हणाला आणि माझे दोन्ही हात हातांत घेतले. "या, या. सांगितलं का तिनं तुम्हाला शेवटी?"

मी हो म्हणालो.

नार्वेकर सर तिला शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या वर्गात मुली दोनच होत्या, आणि प्रमिलाला त्यांनी पुढे शिकू द्या म्हणून तिच्या वडिलांना दोनदा जाऊन सांगितलं होतं. वडिलांनी टायपिंगला घातलं. हे मला माहीत नव्हतं. ते सर्व त्यांनी आपणहून सांगितलं, चहा येईपर्यंत. मग म्हणाले, "मला तुमच्या खेळातलं काही कळत नाही हो. ती हुकूम लिहून पाठवते, मी माझ्या अक्षरात उतरवतो आणि टपालात टाकतो. पैसेही तीच पाठवते, मी फक्त मनीऑर्डर करतो. माझा वेळ बरा जातो. पूर्वी नुसता कौलं मोजत बसायचो."

मी चहा हातात धरून बसलो होतो.

त्यांनी फळीवरून एक गठ्ठा काढला. प्रमिलाची पत्रं, आणि प्रत्येकाबरोबर तिच्या गणिताचे कच्चे कागद. कोणत्या फेरीत वादळ येण्याचा किती संभव, मिठाचा साठा किती ठेवावा, कोण कुणावर कधी जाईल. खोडलेलं, पुन्हा मांडलेलं, समासात बाण. पानंच्या पानं. तिच्या हातची इतकी पानं मी कधी पाहिली नव्हती. एका पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, "सर, मिठाचा नियम यांनी फार सुंदर केला आहे. त्यांना स्वतःला त्याची कल्पना नाही."

सर म्हणाले, "तुम्ही आलात ते बरं झालं. माझ्या मनाला टोचणी लागलीय. तिनं विचारलंय बघा, अकराव्या वेळचा हुकूम मी बरोबर उतरवला होता ना म्हणून. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातला आहे तो. मला काही नीट दिसत नव्हतं. मी काहीतरी भलतंच लिहिलं असणार. पोरीची नऊ जहाजं गेली माझ्यामुळे."

"तुमची चूक नसेल सर."

"माझीच. चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, उतरवताना लक्ष द्या. तिला कळवलंय मी तसं. तिनं काही मनाला लावून घेऊ नये एवढं सांगा."

मी उठलो. बस चुकेल असं म्हणालो. ते फाटकापर्यंत आले आणि आंधळ्या बाजूनं हात करत राहिले, कारण मी त्या बाजूला उभा होतो.

त्या रात्री सावंतवाडीला एका ओळखीच्यांकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी घाट चढताना सारखं एकच मनात येत होतं. मला काहीच करायची गरज नाही. म्हाताऱ्यानं दोष आपल्या डोळ्यावर घेतला आहे, प्रमिलानं तो मानला असणार, डाव पुढे चालेल. आणि दुसरं असं, की दर महिन्याला मी जी कमाई म्हणून तिच्या हातात ठेवत होतो ती तिचीच होती. तिनं क्लासातून कमावलेली, वेंगुर्ल्याला जाऊन परत आलेली, वर मनीऑर्डरचं कमिशन. आमच्या धंद्यात कमाई नव्हतीच.

दुपारी घरी पोचलो. ती गवार मोडत बसली होती.

"वेंगुर्ल्याला गेलो होतो," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "सरांचा डोळा कसा आहे?"

"पट्टी आहे अजून."

"तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत ना? त्यांच्याकडून उतरवताना चूक झाली. त्यांनी तसं लिहिलंय मला."

मी कपाटाकडे गेलो. खालून तो कागद काढला आणि गवारीच्या सुपाशेजारी ठेवला. दहाही जहाजं खाडीतच ठेवावीत. अक्षर स्वच्छ होतं. एक काना चुकला नव्हता.

तिनं तो वाचला. उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"मग?"

"मी बदललं."

"नार्वेकर कोण ते तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं. तुझ्या पर्समध्ये पाकीट बघितलं होतं. त्याच्या आधीपासूनच..."

तिनं कागद सुपाशेजारी परत ठेवला. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "ते मनीऑर्डरचे फॉर्म तुम्ही भरत नव्हतात. तुमच्याकडे बघवत नव्हतं. एक डाव सुरू होऊ दे म्हटलं, कोणी बारावा मिळाला की सोडून देईन."

"मग सोडलं का नाहीस?"

"मजा यायला लागली," ती म्हणाली. तिनं हे असं सांगितलं, की जणू गुन्हा तिचा होता. मग मान वर केली. "टाइप करताना विचारलं तुम्हाला. मला वाटलं होतं की तुम्ही उठाल आणि कागद बघाल."

तिनं एक शेंग उचलली आणि न मोडताच सुपात टाकली.

"आता कळलं कोण आहे ते. गेलं का मनातून?"

"गेलं," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी खेळाडूंसाठी एक खुलासा लिहिला. हिशेबात नजरचूक झाली, अकरावी फेरी रद्द, असा. तिनं तो वाचला आणि स्टेन्सिल मशीनवर चढवलाच नाही. "नजरचूक नव्हती," एवढंच म्हणाली. मी दुसरा लिहिला. त्यात होतं ते सगळं लिहिलं, की हुकूम मी जाणूनबुजून बदलला, मत्सरानं. तो शब्द लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. ती म्हणाली, नार्वेकर म्हणजे कोण तेही घाला. मी नको म्हणालो. त्यात तिचा काय दोष? "खोटं नाव घेतलंच की मी. निकालकाराच्या घरात बसून खेळले. एकही हुकूम बघितला नाही हे मला माहीत आहे, त्यांना कुठे माहीत आहे?" तेही घातलं. पहिली प्रत तिनं वेंगुर्ल्याला पाठवली, सरांना. त्यांचं उत्तर तिला आलं, मला नाही.

धुळ्याच्या दोघांनी डाव सोडला. नागपूरच्या माणसानं उरलेली फी परत मागितली, ती दिली. जालन्याच्या डॉक्टरांनी लिहिलं की हे वाचून वाईट वाटलं आणि आपण विचार करत आहोत. मला वाटलं, संपलं. मग देवधरे वकिलांचं कार्ड आलं. चारच ओळी होत्या. आपण खेळत राहू, डॉक्टरांशीही बोलणं झालं आहे, तेही राहतील, पण यापुढे निकाल सौभाग्यवतींनी लावावेत, शिरधनकरांनी नव्हे.

प्रमिला नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं विचार करायला दोन दिवस घेतले आणि मग नियमांची वही मागून घेतली. निकालकाराला बंदर ठेवता येत नाही, म्हणून तिनं बारावं बंदर सोडलं. उरलेले आठ आणि नव्या जाहिरातीतून आलेले तीन मिळून अकरा झाले. पुन्हा एक जागा रिकामी.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "फी भरून."

फी मी भरली. हुकूम कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायचा आणि पोस्टमननं तो आमच्याच दारात आणून द्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं. निकालाची प्रतही मला टपालानंच यायची, बाकीच्यांसारखी. अकराव्या फेरीचा खरा निकाल पुन्हा लावला गेला होता, त्यामुळे मला दहा जहाजं, डॉक, भरलेली मिठागरं, सगळं आयतं मिळालं होतं. मी लढाऊ जहाजं बांधली.

तिच्या निकालांच्या खाली आता तिच्या दोन ओळी असायच्या, कोणत्या बंदरात काय बोललं जात आहे अशा. लोकांना त्या इतक्या आवडल्या की वर्षभरात एकाचे तीन डाव झाले. तेव्हा कुठे त्या धंद्यात खरी कमाई दिसली. ती मला दर महिन्याला हिशेब दाखवायची. कोल्हापुरात कुणी भेटलं की विचारायचं, वहिनी कशा आहेत, पुढचा निकाल कधी.

माझी सातवी फेरी होती. पोस्टमननं पाकीट टाकलं, ती क्लासला गेली होती. मी दारातच फोडलं. दक्षिणेच्या समुद्रात वादळ. बाराव्या बंदराची आठ जहाजं बुडाली, उरलेली दोन धुळ्याच्या जागी आलेल्या एका शिक्षिकेनं पकडली. बंदर गेलं.

मी आत येऊन नकाशा पसरला आणि माझ्या हुकमाची नक्कल काढली. जहाजं मीच बाहेर काढली होती. अंतर मोजलं, वादळाचा तक्ता लावला, नुकसान काढलं. बरोबर आलं. पुन्हा काढलं. मग वादळाच्या फाशांची नोंद बघायला तिची वही उघडली, जी ती कधी कुलपात ठेवत नसे. नोंद होती. मी चार वेळा सगळं तपासलं, संध्याकाळपर्यंत.

एक चूक सापडली असती तर मला किती बरं वाटलं असतं, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.